आवाज फुटायच्या आधी

किल्लेदारांनी गारगोट्यांची परात माझ्यासमोर आणून ठेवली, तेव्हा ढब्बू माझ्या मांडीवर डोकं टाकून माझ्या मनगटावरचा घाम चाटत होता. तिवरगडावर ओलं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं.

“याची गारभरणी कर,” किल्लेदार म्हणाले. “आजच.”

मला आधी हसूच आलं. ओठ इतके फुटले होते की हसताना रक्त आलं. “सरकार, ह्याचं दुधाचं दात बी पडलं न्हाईत अजून. हे बघा.” मी ढब्बूचा वरचा ओठ उचलून दाखवला. त्याला वाटलं मी खेळतेय. त्याने माझा अंगठा तोंडात धरून चोखायला सुरुवात केली.

किल्लेदारांनी दातांकडे पाहिलं नाही. “मला त्याचे दात नकोत. आग हवी आहे.”

आमच्या मुलखातल्या व्याळांना आग जन्मतः नसते. अंड्यातून बाहेर येतं ते पंखांचं, खवल्यांचं, खादाड असं एक जनावर, आणि वर्षभरात ते खोंडाएवढं होतं, बाकी काही नाही. दुधाचे दात पडले की त्याला पांढऱ्या गारगोट्या गिळायला देतात. त्या पोटातल्या पिशवीत एकमेकींवर घासतात, ठिणगी पडते आणि आग सुरू होते. याला आम्ही गारभरणी म्हणतो. घरात लग्न असल्यासारखा थाट असतो त्या दिवशी. पिल्लाला हळद लावतात, गावजेवण घालतात आणि त्याच्या आईला मात्र आदल्या दिवशीच नदीपलीकडे नेऊन बांधतात. कारण पहिल्या आगीबरोबर पिल्लाचा आवाज फुटतो, आणि एकदा आवाज फुटला की आई त्याला ओळखत नाही. आपल्या रानात परका शिरला असं समजून ती त्याच्यावर तुटून पडते.

ज्या हाताने पहिला घास भरवला त्याच हातून पिल्लू गारगोट्या घेतं. म्हणून किल्लेदार स्वतः परात घेऊन पागेत आले होते. नाहीतर व्याळाचं शेण काढणाऱ्या भिवराला कोण विचारत होतं!

“कच्च्या गळ्यात आग गेली तर गळाच जळंल त्याचा,” मी म्हणाले. “येकदा फुंकंल, लई तर दोनदा. मग मरंल.”

“एकदा पुरे. झऱ्यावरची छावणी जळली की काम झालं.”

“आन् काजळी?”

त्यांनी परात माझ्याकडे सरकवली. काजळी म्हणजे ढब्बूची आई. ती शत्रूकडे होती, आणि तिच्या पाठीवर माझी सख्खी थोरली बहीण, मैनाक्का.

हे सगळं कसं झालं ते थोडक्यात सांगते, कारण थोडक्यात सांगण्याचीच त्याची लायकी आहे. राजा मेला. त्याला दोन राण्या आणि दोन मुलगे. त्या दोघांपैकी एकालाही मी कधी पाहिलं नव्हतं, पण मी तिवरगडावर होते आणि तिवरगड थोरल्याचा, म्हणून मी थोरल्याची झाले. आक्का लग्न होऊन घाटाखाली गेली होती, दाजींचं घराणं धाकट्याचं चाकर, म्हणून ती धाकट्याची. काजळीवर स्वार होणारी आमच्या घरात तीच, त्यामुळे काजळी तिच्याबरोबर गेली. पिल्लाला उंचावरची हवा लागते म्हणून ढब्बू गडावर माझ्यापाशी राहिला. मग वाटा बंद झाल्या. दाजींनी गडाच्या पायथ्याचा झरा धरून छावणी टाकली. वरच्या टाक्यांत पाणी होतं ते संपलं. नंतर टाक्यांतला चिखल फडक्यात घालून आम्ही पिळत होतो, आता चिखलही वाळला होता.

आणि रोज दोनदा, सकाळी आणि उन्हं कलताना, आक्का काजळीला घेऊन गड जाळायला यायची.

जाळत मात्र नव्हती. काजळी पागेवर आली की ढब्बू मान वर करून चिरक्या आवाजात तिला हाका मारायचा. ती आभाळात अडखळायची, दोन-तीन घिरट्या घालायची आणि आग न टाकताच माघारी फिरायची. आक्का वरून ओरडत असायची, “जाळ! जाळ की गं रांडे!” ते आम्हाला खाली स्पष्ट ऐकू यायचं. माझी सख्खी, माझ्या वेण्या घालणारी बहीण. तिचा तो आवाज ऐकून मी तिला मनातल्या मनात शिव्या द्यायचे. दरवाजाकडून आली असती तर ढब्बूचा आवाज काजळीपर्यंत पोचला नसता आणि दरवाजा केव्हाच जळून गेला असता. पण आक्का नेमकी पागेवरूनच यायची. तिला आधी ढब्बूला मारायचंय, अशी माझी खात्री होती.

“सरकार,” मी म्हणाले, “ह्याचा आवाज हाय तवर काजळी आग टाकत न्हाई. आवाज फुटला की ती ह्याला बी जाळंल आन् गडाला बी.”

“तुझी बहीण आहे ती.”

“म्हनून काय झालं? आवाज फुटल्यावर काजळी काय करती ते साऱ्या पागेला ठावं हाय.”

“पागेत आता तू एकटीच उरली आहेस. आणि तू तिची बहीण आहेस.” ते माझ्यासमोर उकिडवे बसले. चांगले धिप्पाड गृहस्थ, पण गळ्याची हाडं वर आली होती. “भिवरा, माझी बायको बाळंत होऊन पडली आहे. तिला दूध येत नाही. पोर रडायचीसुद्धा थांबली. मला तुझं जनावर मारायची हौस नाही. पण आज संध्याकाळपर्यंत खालचा झरा मिळाला नाही, तर तुझ्या ढब्बूचं रक्त काढून मी पोरांना पाजणार आहे. गारगोट्या भरव, नाहीतर सुरी आणतो. यातलं काय ते तू ठरव.”

ते खोटं बोलत नव्हते. त्यांचे डोळे भरून यायला हवे होते, पण अंगात पाणीच नव्हतं.

एवढ्यात शिंग वाजलं. काजळी आली होती.

आम्ही दोघं बाहेर धावलो. ढब्बू माझ्या मागून लुटुलुटु पळत आला आणि मान वर करून हाका मारायला लागला. काजळी नेहमीपेक्षा खाली उतरली होती. तिच्या पोटावरचे काळे खवले मला दिसत होते. खोगिरात आक्का. खोगिराच्या पुढच्या कण्यापाशी काजळीचं कातडी टोपरं वादीने लटकत होतं. वादी ओढली की टोपरं व्याळाच्या डोळ्यांवर येतं, आणि डोळे झाकले की व्याळ असेल तिथे पंख मिटतो. जनावर हाताबाहेर गेलं तर शेवटचा उपाय म्हणून ते असतं. जमिनीवर ओढलं तर जनावर बसतं, हवेत ओढलं तर पडतं.

“जाळ!” आक्का ओरडली. “जाळ म्हनते ना!”

मी तिला शिवी द्यायला तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं.

व्याळ तोंडाचं ऐकत नाही. वाऱ्यात ऐकणार काय? व्याळ गुडघ्यांचं ऐकतो. गुडघे आत दाबले की खाली जा, आणि आग टाकायची तर टाचही मार. गुडघे उचलून मोकळे सोडले की वर चल, माघारी चल. आम्हा दोघी बहिणींना आमच्या बापाने हे चालता येण्याआधी शिकवलं होतं. आक्का घसा फाटेस्तोवर “जाळ” म्हणत होती, आणि तिचे दोन्ही गुडघे खोगिरापासून हातभर वर उचललेले होते.

काजळी वळली आणि निघून गेली. छावणीतल्या लोकांना काय दिसलं असेल? ओरडणारी आक्का आणि न ऐकणारं जनावर. रोज हेच दिसत होतं. पागेवरून ती यायची ती ढब्बूला मारायला नाही, त्याचा आवाज काजळीच्या कानावर पडावा म्हणून.

मी तिथेच मातीत बसले. आक्काला इतके दिवस मनातून दिलेले शिव्याशाप मला एकेक आठवायला लागले.

“काय झालं?” किल्लेदारांनी विचारलं.

“सरकार, गारगोट्या राहू द्या. झरा मी मोकळा करून देते.”

माझा बेत वेड्या माणसाचा होता, पण दुसरा होता कुठे? ढब्बूच्या पाठीवर बसून मी बुरुजावरून थेट झऱ्यावर उतरायचं. त्याचा आवाज खालून आला की काजळी त्याच्याजवळ उतरणार, आक्का तिला उतरू देणार. व्याळाची आई पिल्लापाशी उतरली की आसपास कोण थांबतं? छावणी पांगेल. तेवढ्यात गडावरच्यांनी चोरदरवाजातून येऊन घागरी भरून न्यायच्या.

“आणि नाही उतरली तर?”

“तर मी आन् हा खाली मरू. हितं ऱ्हाऊन तरी दुसरं काय व्हनार हाय?”

“तू बहिणीकडे पळून गेलीस तर?”

“पळायचं आसतं तर कवाच गेले आसते की! ह्याला उडता कुठं येतंय? पंख उघडून खाली पडंल, तेवढंच.”

ते खरंच होतं. ढब्बू आजवर पागेच्या अंगणात, दोरीला बांधून, कोंबडीइतका उडाला होता.  किल्लेदारांनी पागेतली गारगोट्यांची परात उचलून आणली आणि म्हणाले, “उन्हं कलेपर्यंत. त्यानंतर माझा नाइलाज आहे.” जाता जाता ते थांबले. “खाली तुझे मेहुणे आहेत ना?”

“हायेत.”

“सांभाळून.”

दाजींचा तंबू निळ्या निशाणाचा. गडावरून रोज दिसायचा. वाईट माणूस नव्हते दाजी. व्याळांच्या घरात लग्न केलं आणि आधी भीती वाटायची म्हणून आम्ही त्यांची खूप टिंगल केली. मग ढब्बू अंड्यातून आला, आणि ते घाट चढून आले की गुळाचा खडा त्याच्यासाठी धोतराच्या सोग्यात बांधलेला असायचा. ढब्बू त्यांचं धोतर हुंगत मागे मागे फिरायचा. त्यांना काही होईल असं माझ्या बेतात कुठेच नव्हतं. पांगायचं तर त्यांनीही पांगावं, एवढंच.

उन्हं कलायला लागली तेव्हा मी लुगड्याचा एक तुकडा फाडून ढब्बूच्या छातीवरून बांधला आणि त्यालाच स्वतःला करकचून बांधून घेतलं. त्याच्या मापाचं खोगीर नव्हतंच. बुरुजाच्या कडेला त्याने खाली डोकावून पाहिलं आणि नाठाळ बैलासारखा फतकल मारून बसला.

“चल की रे माझ्या राजा,” मी म्हणाले. तो हलला नाही. मागून ढकललं, शेपटी पिरगाळली, शिव्या दिल्या. गडावरचे लोक घागरी घेऊन चोरदरवाजाशी बसले होते, तिथून सगळ्यांची तोंडं माझ्याकडे.  आणि हा गाढव नखं रोवून बसलेला.

तेवढ्यात दरीतून काजळीचा आवाज आला. ढब्बूचे कान उभे राहिले. त्याने हाक मारली, आणि मी काही करायच्या आत उडी टाकली.

त्याला उडणं म्हणणार नाही. आम्ही पडत होतो, पंख उघडे ठेवून. वारा कानात घुसत होता आणि ढब्बू सगळा वेळ “आई” म्हणावं तसा चिरकत होता. छावणी वर येताना दिसली, तंबू, घोडे, निळं निशाण. मी गुडघे दाबत होते, उचलत होते, त्याला काही कळत नव्हतं. शेवटी आम्ही झऱ्याच्या काठावर, एका पेटत्या चुलीवर आणि तिच्यावरच्या भाताच्या हंड्यावर उतरलो. हंडा एकीकडे, आचारी दुसरीकडे. आणि माझ्या या शूर व्याळाने, चारही बाजूंनी शत्रू असताना, पहिली गोष्ट काय केली? झऱ्यात तोंड घातलं आणि घटाघटा पाणी प्यायला लागला.

मीही वाकून ओंजळ भरली. खोटं कशाला बोलू? त्या एका घोटापुढे मला गड, युद्ध, कुणीही आठवलं नाही.

“बाण सोडू नका!” निळ्या तंबूतून दाजी धावत बाहेर आले. डोक्याला पागोटं नाही, पायात वहाणा नाहीत. “कुनी बाण सोडू नका रे! पिल्लू हाय ते! त्येची आय वर हाय!”

आमच्या घरात राहून ते एवढं शिकले होते. सगळ्या छावणीत हे कळणारा तो एकच माणूस होता.

“भिवरे, धर त्याला! वरडू देऊ नगंस!” ते मला म्हणाले आणि मग लोकांवर ओरडले, “मागं व्हा! समदी मागं व्हा! तंबू सोडा!”

आणि लोक मागे व्हायला लागले. घोडे सुटले, माणसं झाडीकडे सरकली. काजळी वरून घिरट्या घालत सावकाश खाली येत होती. वर डोंगरात चोरदरवाजातून पहिली माणसं बाहेर पडताना मला दिसली, त्यांच्या घागरी उन्हात चमकल्या. माझा वेडा बेत जमत होता. मी ढब्बूची मान कुरवाळत होते. आता काजळी उतरेल, आक्का उतरेल, दाजी तिला रागावतील, मी मध्ये पडेन, असलं काहीतरी माझ्या डोक्यात चाललं होतं.

बाण कुणी सोडला ते आजवर कळलं नाही. खडकामागून आला. कुणीतरी भ्यालेला असेल, किंवा त्याला आज्ञा ऐकू गेली नसेल. तो ढब्बूच्या पंखाच्या मुळाशी घुसला.

ढब्बू किंचाळला. तसं ओरडताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. तो कोलमडला, मी त्याला बांधलेली, त्याच्याबरोबर खाली आपटले. माझा पाय त्याच्याखाली सापडला.

दाजी पळत आले. पळून जायचं सोडून ते आमच्याकडे पळत आले. “हालू नगंस, हालू नगंस बाळा,” ते ढब्बूला म्हणत होते. त्यांनी बाण धरला. ढब्बू पुन्हा किंचाळला.

मी वर पाहिलं.

काजळी आमच्या अगदी डोक्यावर होती, माडाच्या उंचीवर. तिने तोंड उघडलं होतं. तिला काय दिसत असेल ते मला कळत होतं. आपलं पिल्लू पडलंय, आणि एक माणूस त्याच्या अंगात काहीतरी खुपसतोय.

आणि आक्का. तिचे गुडघे वर होते, इतके वर की ती खोगिरावर जवळजवळ उभीच होती. काजळी ऐकत नव्हती. आक्काच्या दोन्ही हातांत टोपऱ्याची वादी होती.

तिने ती ओढली असती तर काजळी तिथेच पंख मिटून पडली असती. सरळ खाली. ढब्बूवर आणि माझ्यावर. दाजी पायांवर उभे होते, त्यांनी उडी मारून बाजूला व्हायला वेळ होता. मला नव्हता, मी बांधलेली होते.

आक्काने आधी दाजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझं तोंड उघडं होतं, पण मी तिला “ओढ” म्हटलं नाही आणि “नको” पण म्हटलं नाही. दाजींनीही वर पाहिलं. ते तिला काहीतरी म्हणाले. ओठ हलले एवढं दिसलं.

आक्काने वादी सोडून दिली.

दाजींनी दोन्ही हातांनी ढब्बूचा चांगला पंख ओढून माझ्यावर घातला आणि ते आमच्यापासून दूर, मोकळ्या जागेकडे पळाले. आग त्यांच्यामागून गेली.

त्यानंतर काजळीने छावणी जाळली. मी पंखाखाली होते, मला फक्त आवाज येत होते. बऱ्याच वेळाने सगळं शांत झालं आणि ढब्बूच्या अंगावर एक मोठी खरखरीत जीभ फिरायला लागली. काजळी त्याची जखम चाटत होती.

आक्काने पंख उचलून माझी गाठ कापली. तिचा चेहरा राखेने भरला होता. ती एवढंच म्हणाली, “गारा दिल्यास काय ह्याला?”

“न्हाई, आक्का.”

“बरं केलंस.”

मग ती उठली. गडावरचे लोक तोवर झऱ्यावर पोचले होते. पोरं, म्हातारे, किल्लेदार स्वतः, सगळ्यांच्या हातात घागरी. आक्काने पहिल्या माणसाच्या हातातली घागर घेतली, झऱ्यात बुडवली आणि दाजी पडले होते तिथे जाऊन ओतली. वाफ निघाली. ती परत आली, पुन्हा घागर भरली, पुन्हा ओतली. तहानेने जिभा बाहेर आलेले ते लोक काठावर उभे होते आणि आक्का पाणी भरून जमिनीवर ओतत होती. जमीन गार होईपर्यंत ओतत होती. कुणी तिला थांब म्हटलं नाही, कुणी झऱ्यात हातही घातला नाही. किल्लेदारांनी डोक्यावरचं पागोटं काढलं, तशी सगळ्यांनी काढली. तिने घागर खाली ठेवली तेव्हाच लोक पाण्याकडे गेले.

पुढे दोन्ही राजपुत्रांचा समेट झाला म्हणे. एका गालिच्यावर बसून जेवले. राज्य वाटून घेतलं, आणि तिवरगड धाकट्याला मिळाला. म्हणजे आम्ही ज्याच्यासाठी तहानेने मरत होतो त्याने गड असाच देऊन टाकला. हे ऐकलं तेव्हा मी पागेत शेण काढत होते. फावडं फेकून मारावं असं कुणीच समोर नव्हतं.

आक्का माझ्यापाशीच राहायला आली. किल्लेदारांची ती पोर वाचली, मोठी झाली, पागेत येऊन ढब्बूच्या शेपटीवर बसायची. आक्का तिच्या वेण्या घालायची. त्या दिवसाबद्दल ती बरेच दिवस एक अक्षर बोलली नाही, आणि दाजी वर बघून काय म्हणाले ते विचारायची माझी छाती झाली नाही.

ढब्बूचे दुधाचे दात पडले तेव्हा आम्ही त्याची रीतसर गारभरणी केली. हळद लावली, गावजेवण घातलं. आदल्या दिवशी आक्का काजळीला घेऊन नदीपलीकडे गेली. मी ढब्बूला एकेक गारगोटी भरवली. त्याने दिवसभर उचक्या दिल्या आणि उन्हं कलताना आभाळाकडे तोंड करून पहिली आग टाकली. मग ओरडला. जाडाभरडा, फाटका, अनोळखी आवाज. सगळं गाव हसलं, टाळ्या वाजवल्या. मी रडले.

आक्का नावेतून एकटीच परत आली. मी विचारलं, “काजळीनं ऐकलं?”

“ऐकलं. उठून गुरगुरली. दोरखंड तोडाया बघत व्हती.” ती ढब्बूजवळ बसली. “न्हाई ओळखलं तिनं.”

 ढब्बू आक्काची मांडी हुंगत होता.

“त्या दिशी तू ह्याला गारा दिल्या आसत्यास,” आक्का म्हणाली, “तर आवाज तवाच फुटला आसता. काजळीनं गड जाळला आसता. तुझं दाजी आज आसतं.”

“आन् मी?”

“तू नसतीस.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. आज भात जरा कच्चा राहिला, असं सांगावं तसं ती सांगत होती. मला तिचे पाय धरावेसे वाटले, पण तिला ते आवडलं नसतं.

“काय म्हनलं गं ते?” मी शेवटी विचारलं. “वर बघून?”

आक्काने पदराची गाठ सोडली. आत गुळाचा खडा होता. तिने तो तळहातावर ठेवून ढब्बूसमोर धरला. आग ओकणारा तो व्याळ पिल्लासारखा वाकला आणि जपून, ओठांनी तो उचलला.

“भिवराला वाचीव म्हनलं,” ती म्हणाली.